चौदा गोळ्या होत्या, आता सात

१२ जानेवारी २०२५. पहाटे साडेतीनला लघवीसाठी उठले आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले. अंग घामानं भिजलेलं, हातपाय थरथरत होते. मुलानं उचलून बसवलं, घरातल्या मशीनवर साखर बघितली तर ५८. सुनेनं गुळाचं पाणी पाजलं. डावं मनगट तोवर टम्म सुजलं होतं. एक्स-रे, डोक्याचा स्कॅन आणि प्लास्टर मिळून त्या दिवशी ५,४०० रुपये गेले.

हाडांच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, आज्जी?" मी सांगत गेले, बीपीची, शुगरची, हार्टची, चकरेची, झोपेची, ॲसिडिटीची. ती म्हणाली, "नावं सांगा ना." मला एकही नाव सांगता आलं नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, जुन्या वर्गांची हजेरी अजून तोंडपाठ आहे. रोज जे पोटात जातं त्याचं नाव मात्र ठाऊक नव्हतं. ते मनाला फार लागलं.

माझं वय ७३. कोल्हापुरात शिवाजी पेठेत मुलगा-सुनेजवळ असते. त्या पडण्यानंतरच्या दहा महिन्यांत माझ्या गोळ्या कशा कमी झाल्या ते इथं लिहितेय, कारण माझ्या वयाच्या किती जणी याच भीतीत आहेत ते रोज बघते. एक आधीच सांगते. हे वाचून कुणीही आपल्या मनानं गोळी बंद करू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या तर जिवावर बेतू शकतं. माझी प्रत्येक गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि त्यांच्या नजरेखालीच सुटली.

त्या रविवारी संध्याकाळी मुलानं वर्तमानपत्र अंथरून त्यावर सगळी पाकिटं मांडली. चौदा प्रकार निघाले. काही दोनदा घ्यायच्या, म्हणजे दिवसाला सतरा गोळ्या. दोन बीपीच्या, एक पाणी काढायची, शुगरची जोडगोळी, हार्टची कॅप्सूल, ॲसिडिटीच्या दोन वेगवेगळ्या, चकरेची, झोपेची, तळपायांच्या आगीची, थायरॉईडची, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन आणि गुडघ्यांसाठी मीच मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक. महिन्याचा खर्च ४,१०० रुपयांच्या आसपास.

मुलगा म्हणाला, "आई, एवढ्या सगळ्या लागतात का, एकदा विचारू या." माझा संताप झाला. "डॉक्टरांनी दिल्यात त्या. उगं देतील का?" म्हणाले आणि आत निघून गेले. रात्री सून पाठीला तेल लावत होती, तेव्हा खरं तोंडातून निघालं. "आता माझ्यावर खर्च नको वाटायला लागला का तुम्हाला?" तिचा हात थांबला. म्हणाली, "आई, तुम्ही परत पडू नये म्हणून चाललंय हे." मी काही बोलले नाही. पण हा विचार माझ्या मनात आला होता आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाची गोळी कमी करायची म्हटलं की त्याला औषध कमी झालेलं दिसत नाही, आपल्याकडं बघणारे डोळे कमी झाल्यासारखे वाटतात.

आणखी एक होतं. आमच्याकडं सात दिवसांची प्लास्टिकची डबी आहे. दर रविवारी संध्याकाळी ती हेच भरायचे, चष्मा नाकावर ओढून, एकेक गोळी मोजून. मे २०२१ मध्ये हे गेले. त्यानंतर मी भरायला लागले आणि त्यांनी घातलेल्या क्रमात कधी फरक केला नाही.

एकाच डॉक्टरांनी सगळं एकत्र बघावं असं ठरलं. ओळखीतून राजारामपुरीतल्या एका एम. डी. मेडिसिन डॉक्टरबाईंचं नाव कळलं, ज्येष्ठांना वेळ देतात म्हणून. २० जानेवारीला फोन केला, ४ फेब्रुवारीची वेळ मिळाली. फी ८०० रुपये. फोनवरच्या मुलीनं बजावलं होतं, "प्रिस्क्रिप्शन पुरे नाही. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. चूर्ण, काढा, शेजारणीनं दिलेली गोळी, सगळं." पिशवी भरताना कपाटात सहा उघडी पाकिटं सापडली. दोन मुदत संपलेली होती.

साडेअकराची वेळ होती, नंबर सव्वाला लागला. पण आत चाळीस मिनिटं मिळाली. डॉक्टरबाईंनी आधी मला झोपवून बीपी घेतलं, १४६. मग उभं करून एक मिनिटानं घेतलं, ११८. म्हणाल्या, "बाई, उठल्यावर तुम्हाला गरगरतं ते यामुळं. कानाचा काही संबंध नाही." उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर पडण्याचा धोका असतो. इतक्या वर्षांत माझं बीपी सगळ्यांनी बसवूनच घेतलं होतं. तुमचं उभं राहून कुणी घेतलं नसेल तर तसं घ्यायला सांगा, त्याला पैसे पडत नाहीत.

मग एकेक पाकीट उचलून त्या विचारत गेल्या. ही कुणी दिली? कधी? कशासाठी? तो त्रास आता आहे का? चौदातल्या सहांचं उत्तर मला देता आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "यातली कुठली सोडावीशी वाटते? आणि कुठली सोडायची भीती वाटते?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याचं उत्तर तयार होतं, पाणी काढायची. ती घेतली की सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला जायची सोय नाही, केएमटीच्या बसमध्ये बसायची सोय नाही. दुसऱ्याचंही तयार होतं, झोपेची.

पुण्यातल्या माझ्या लेकीनं नंतर मला एका पाहणीबद्दल सांगितलं. अमेरिकेत सुमारे दोन हजार ज्येष्ठांना गोळ्यांबद्दल विचारलं होतं, ती २०१८ साली छापून आली. शंभरातले ९२ म्हणाले, डॉक्टर म्हणत असतील तर एखादी गोळी सोडायला आमची तयारी आहे. दोन तृतीयांश लोकांना आपल्या गोळ्या कमी व्हाव्यात असं वाटत होतं. ऐकून मला बरं वाटलं. आमच्या रंकाळ्याच्या संध्यामठाजवळच्या गटात मात्र कानावर पडतं ते दुसरंच. एक काकू म्हणाल्या, "त्या डॉक्टरनं माझी बीपीची गोळी अर्धी केली, मी डॉक्टरच बदललो. म्हटलं, ह्याला कळत नसंल." आणि याच काकू पाच मिनिटांनी म्हणतात, "गोळ्या खाऊन खाऊन जीव विटला बघ." दोन्ही खरं आहे. माझंही तसंच होतं.

रक्त-लघवीच्या तपासण्यांना २,३५० रुपये लागले. माझ्या विमा पॉलिसीत दवाखान्यात दाखल न होता केलेला खर्च बसत नाही, त्यामुळं सगळं खिशातून. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, एचबीए१सी, ६.४ आली. मी खुश झाले, डॉक्टरबाई झाल्या नाहीत. या वयात, ग्लिमेपिराईडसारख्या साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळीवर एवढा कमी आकडा म्हणजे रात्री-अपरात्री साखर घसरायचा धोका. पहाटेचा घाम त्याचाच होता. क्रिएटिनिन १.४, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. बी-१२ फारच कमी. शुगरचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ उतरू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

हार्टच्या कॅप्सूलवर गाडी अडली. त्यात रक्त पातळ करणारी दोन औषधं आणि कोलेस्टेरॉलचं एक होतं. २०१७ मध्ये छातीत दुखलं म्हणून दाखल झाले होते, ॲन्जिओग्राफी झाली होती, पण स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, घातला की नाही हे मला खात्रीनं सांगता येईना. ह्यांना माहीत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्टेंट असेल तर याला हात लावायचा नाही. कागद आणा."

६ फेब्रुवारीला त्या रुग्णालयात गेलो. नाव घेत नाही. रेकॉर्ड विभागातल्या माणसानं वर न बघताच सांगितलं, "जुनं आहे, मिळणार नाही." मुलानं लेखी अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडली आणि पोच मागून घेतली. दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा वैद्यकीय परिषदेचा २००२चा नियम आहे. तीन वर्षांपलीकडचं मिळालं नाही तर फारसं काही करता येत नाही. दहा तारखेला तसंच लेखी उत्तर आलं. त्याच रात्री माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. तळाशी ह्यांची फाईल, वर त्यांच्या अक्षरात माझं नाव आणि साल. आत डिस्चार्ज कार्ड आणि ॲन्जिओग्राफीचा रिपोर्ट. किरकोळ अडथळा, स्टेंट नाही. मी फाईल मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. आपापल्या घरातले डिस्चार्ज कार्डाचे कागद सांभाळा आणि फोटो काढून मुलांकडंही ठेवा.

११ फेब्रुवारीला खरी सुरुवात झाली. सगळ्यात आधी वेदनाशामक बंद. ती मीच आणलेली आणि तीच सगळ्यात घातक निघाली. बीपी वाढवते, आणि बीपीची आणि पाणी काढायची गोळी चालू असताना मूत्रपिंडावर तिहेरी भार टाकते. त्याऐवजी लागलं तर पॅरासिटामॉल, आणि फिजिओथेरपीच्या सहा बैठका, ३०० रुपयांची एक. ॲसिडिटीच्या दोन गोळ्यांपैकी एक तिथंच गेली. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी जवळपास सारखंच औषध दिलं होतं. शुगरच्या जोडगोळीतलं ग्लिमेपिराईड काढून नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. साडेसातपर्यंतचा आकडा चालेल म्हणाल्या. नुसत्या नावाचं मल्टिव्हिटॅमिनही गेलं आणि बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, पुढं त्याचीच गोळी. कमी करायला गेलेल्याला एक नवी गोळी मिळाली याचं मला नवल वाटलं. पण ती कशासाठी आहे ते मला माहीत होतं.

बाकीच्या एकेक करून, मध्ये दोन ते चार आठवडे सोडून. काही बिघडलं तर कशामुळं ते कळायला हवं म्हणून.

हृदयरोगतज्ज्ञांकडं रिपोर्ट दाखवला, फी ७००, त्यांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली. ११ मार्चपासून कॅप्सूल जाऊन नुसती कोलेस्टेरॉलची गोळी राहिली. त्या रात्री मी उशाशी फोन घेऊन झोपले. छातीत जरा कुठं दुखलं की वाटायचं, हेच ते. आठवडाभर तसं झालं, मग थांबलं.

चकरेच्या गोळीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. सिनारिझिन तिचं नाव. २०२२पासून दिवसातून दोनदा घेत होते. गेल्या दोन वर्षांत माझे हात कापायला लागले होते. कपबशी खुळखुळायची, चालताना पाय घासत चालायची. माझ्या वडिलांना कंपवात होता, म्हणून मी मनाशी धरून बसले होते की आता माझी पाळी. कुणाला बोलले नव्हते. डॉक्टरबाईंनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "बाई, दोन ओळी लिहा." मी लिहायला लागले. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक बारीक होत मुंगीएवढं झालं. फळ्यावर टपोरं अक्षर काढणारी मी, तो कागद बघून माझे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, हे या गोळीमुळंही होऊ शकतं. बंद करून बघू, वेळ लागेल.

मग त्यांनी साखळी उलगडून दाखवली. २०१८ मध्ये बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू झाली. तिनं पाय सुजले, तिचा तो माहीत असलेला परिणाम आहे. सुजेसाठी दुसऱ्या कुणीतरी पाणी काढायची गोळी दिली. तिनं उठल्यावर बीपी उतरायला लागलं, गरगरायला लागलं. चकरेसाठी तिसऱ्यांनी सिनारिझिन दिली. तिनं हात कापायला लागले. प्रत्येकानं समोर दिसलेल्या त्रासावर औषध दिलं. मागची गोळी तपासायची कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि मीही सगळ्यांना सगळं सांगितलं नव्हतं.

सिनारिझिन २५ फेब्रुवारीला बंद झाली. पाडव्याच्या आठवड्यात अॅम्लोडिपिन थांबवून दुसरी बीपीची गोळी ४० मिलिग्रॅमवरून ८० केली. रोज सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहायचं, बसून आणि उभं राहून. पहिल्या आठवड्यात एकदा १६० दिसलं आणि माझं धाबं दणाणलं, पण फोनवर त्या म्हणाल्या, एका आकड्यावर निर्णय नको, आठवड्याचे सगळे आकडे पाठवा. तेरा-चौदा दिवसांत १३० ते १४०च्या मध्ये बसलं. पायांची सूज उतरली, मग १५ एप्रिलला पाणी काढायची गोळीही गेली. वहीचं पहिलं पान आणि मे महिन्यातलं पान मुलानं शेजारी शेजारी धरून दाखवलं. अक्षर पुन्हा ओळ भरून यायला लागलं होतं. आता नव्वद टक्के पूर्वीसारखं आहे.

मे महिन्यात उरलेली ॲसिडिटीची गोळी. तीही हळूहळू, आधी एक दिवसाआड. एकदम थांबवलं तर पोट काही आठवडे जास्तच ॲसिड करतं, आणि माणसाला वाटतं गोळीशिवाय जमतच नाही. मला दुसऱ्या आठवड्यात जळजळ झालीच. तीन आठवडे खर्डा, मिसळ, तांबडा रस्सा सगळं बंद ठेवलं, लागलं तर पातळ अँटासिड. पांढरा रस्सा एकदा चोरून घेतला. जूनमध्ये पोट शांत झालं.

मग राहिली झोपेची. अल्प्राझोलॅम, अर्धा मिलिग्रॅम. हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झाली, "थोडे दिवस घ्या" म्हणून. चार वर्षं झाली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पडण्याशी आणि विसरण्याशी हिचा सगळ्यात जवळचा संबंध आहे, पण हीच सगळ्यात हळू सोडायची. अचानक सोडली तर फिट्सही येऊ शकतात. मी म्हणाले, "नका हो, ही राहू दे." त्या म्हणाल्या, "राहू दे मग. तुम्ही म्हणाल तेव्हा." जबरदस्ती झाली असती तर मी परत गेले नसते. तीन महिने त्यांनी विषय काढला नाही. मीच काढला.

३ जूनला सुरुवात. पाऊण डोस करायला पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या लागतात. ही गोळी औषधांच्या नियमांतल्या शेड्यूल एच-१ या यादीत येते, त्यामुळं दुकानदाराला रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, किती दिली, सगळं लिहून ठेवावं लागतं. त्यानं नवी चिठ्ठी मागितली, एक फेरी जास्त झाली. चिठ्ठीवर डोस कसा उतरवायचा ते तारखांसकट लिहून घ्या, नाहीतर हीच फेरी दर वेळी होते. गोळी कापायचं छोटं यंत्र ११० रुपयांना मिळालं.

पहिले तीन आठवडे ठीक गेले. पाव मिलिग्रॅमवर आल्यावर झोप उडाली. जुलैचा पाऊस, पत्र्यावर रात्रभर आवाज. मोबाईलवर पंचगंगेची पातळी बघत बसायची. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. दोन वाजता, तीन वाजता. आणि त्या जागेपणी मला कळलं की हे गेल्यावर मी नीट रडलेच नव्हते. तिसऱ्या दिवशीच गोळी आली होती. आता चार वर्षांनी ते सगळं वर आलं. एका रात्री सून उठून आली, दिवा न लावता शेजारी बसली, आणि आम्ही ह्यांच्याबद्दल बोलत बसलो, चहा होईपर्यंत. डॉक्टरबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "थांबू या इथंच. मागंही नको, पुढंही नको." सात आठवडे पाववरच राहिले. दुपारची झोप बंद केली, संध्याकाळचा चहा बंद केला, रात्री दहाच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही असं ठरवलं. ऑगस्टमध्ये आणखी अर्धी केली. १४ सप्टेंबरला शेवटचा तुकडा घेतला. अजूनही पहाटे चारला जाग येते. येऊ दे. जाग आली की पाय जमिनीवर घट्ट पडतात.

मधल्या काळात आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना भेटायला गेले. तीस वर्षांचा ऋणानुबंध. दुसरीकडं गेल्याचं लपवत होते, त्याचं ओझं झालं होतं. यादी पुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, म्हणाले, "यातल्या माझ्या चारच होत्या की, बाई. बाकीच्या तुम्ही मला सांगितल्याच नाहीत." आणि स्वतःच्या वहीत नवी यादी उतरवून घेतली. मेडिकलच्या दुकानालाही नवी यादी द्यावी लागते. तिथं दर महिन्याला जुन्या चिठ्ठीच्या फोटोवरून माल यायचा, त्यामुळं बंद झालेली पाण्याची गोळी मे महिन्यात पुन्हा घरी आली होती. तेव्हापासून जुन्या चिठ्ठ्यांवर लाल पेनानं "बंद", तारीख आणि डॉक्टरांची सही घेते.

ऑक्टोबरमध्ये तळपायांच्या आगीची गोळीही सोडून बघितली. बी-१२ कमी असलं तरी अशी आग होऊ शकते, आणि आता ते भरून आलं होतं, म्हणून जमेल असं वाटलं. अर्ध्यापर्यंत जमलं. त्याखाली गेल्यावर रात्री पायांना विस्तवावर ठेवल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरबाईंनी सरळ अर्धी कायम केली. मला वाईट वाटलं, पण तिची गरज आहे हे आता करून बघून कळलंय.

आज बीपीची, मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची, थायरॉईडची, कॅल्शियम, बी-१२ आणि ही अर्धी. सातही नावं पाठ आहेत, पाकिटात चिठ्ठीही आहे. क्रिएटिनिन १.१. जानेवारीनंतर पडले नाही. महिन्याला साधारण ९५० रुपये लागतात, त्यातल्या चार गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेते. पुढच्या तपासणीलाही पिशवी घेऊनच जायचं.

रविवारी संध्याकाळी डबी अजून मीच भरते. पाच मिनिटं पुरतात. झाकणांवर ह्यांच्या अक्षरात सकाळ, दुपार, रात्र लिहिलेलं आहे. दुपारचे सातही कप्पे रिकामे असतात, सुनेनं त्यांत बडीशेप भरून ठेवलीय.